नवरात्रातली गोळी

(लातूर. क्षयरोगाच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. देवणीकडचे शेतकरी शेषेराव, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि डॉ. मनस्विनी.)

लक्ष्मीबाई : न्हाई मॅडम, मला न्हाई पटत. मागल्या बारीलाबी एका डाक्टरानं 'बरी झालीस' म्हणून घरी धाडलं. वरीस सरायच्या आत खोकला पुन्हा दारात हजर!

मनस्विनी : मावशी, तेव्हा खोकला थांबला होता, जंतू मेला नव्हता. या वेळी जंतू वाढतो का ते बघायला तुमची थुंकी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा ठेवली. काहीसुद्धा वाढलं नाही.

शेषेराव : म्हंजे पेरलं, पण उगवलं न्हाई?

मनस्विनी : अगदी तसंच, काका.

शेषेराव : आयला! पेरलेलं उगवलं न्हाई म्हणून पेढे वाटायची पाळी उभ्या जन्मात पहिल्यांदा आली.

लक्ष्मीबाई : आवं, दात काय काढताय? घरात तान्हं लेकरू हाय. उद्या नातीला काय झालं, तर सून मला माफ करंल? मी तरी मला करीन का?

मनस्विनी : तुमच्यापासून आता लागण होत नाही, घरी झोपा, असं मी मागेच सांगितलं होतं. तुम्हीच शेतातल्या गुरांच्या कोठ्यातून हलला नाहीत.

शेषेराव : लई हट्टी. नात जन्मल्यापून दुरूनच बघती. अंगाई बांधावरनं म्हणती. ती काय घरापत्तूर पोचती?

लक्ष्मीबाई : पहिल्या गोळ्या का हरल्या, ते आधी सांगा. कळल्याबिगर मी लेकराला हात लावायची न्हाई.

मनस्विनी : विहिरीत गाळाचं पाणी साठलं तर काय करता?

शेषेराव : मोटार लावून उपसून काढताव.

मनस्विनी : या जंतूच्या अंगातही तसले बारीक पंप असतात. औषध आत शिरलं, की तो बाहेर फेकतो. रोज गोळी गेली, तर पंप अपुरा पडतो. मध्ये खाडे झाले, की त्याला उसंत मिळते. एखाद्या जंतूच्या जनुकात पंप जोरात चालवणारा बदल झाला, की तोच तगतो आणि त्याचीच पिल्लावळ वाढते.

शेषेराव : देवणी वळूवानीच की! बळकट तेवढा ठिवायचा, त्याचाच वंश वाढवायचा. अगं, तू उपास धरधरून जातिवंत जंतू पोसलास!

लक्ष्मीबाई : मला काय ठावं? एकादस, चतुर्थी, गुरवार… गोळी गिळली की उपास मोडतो, असं वाटायचं. पुण्य मी केलं आन् पडलं त्या मेल्याच्या पदरात.

मनस्विनी : आणि या वेळी?

शेषेराव : या बारीला? नवरात्रात कोठ्यातच घट मांडला आन् घटासमोर बसून गिळली! भावकीतल्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. ही म्हणती कशी, 'देवीला इचारलंय, शाबूच्या आधी हीच चालती.' उलट्या झाल्या, पायाला मुंग्या आल्या, पण एक खाडा न्हाई.

मनस्विनी : मग तुम्हीच हरवलंत त्याला. औषधं नवी होती, हे खरं. पण ती रोज पोटात गेली, ती तुमच्या जिद्दीनं. भल्या भल्या औषधांना दाद न देणारा जंतू होता तो, मावशी.

लक्ष्मीबाई : हरला म्हणता?

मनस्विनी : साफ हरला.

लक्ष्मीबाई : पुन्हा म्हणा.

मनस्विनी : हरला. तुम्ही जिंकलात.

लक्ष्मीबाई : मुडद्या! माझ्या छातीवर बसून माझ्याच नातीपासून मला तोडायला निघाला होतास!

शेषेराव : शाब्बास! आता डोळे पूस. सूनबाई बाहेर लिंबाखाली बसलीया, लेकीला घेऊन. तुला न सांगता आणलंय त्यांना.

लक्ष्मीबाई : आणलंय? अगं बया! मॅडम, साबण कुठं हाय?

शेषेराव : आता कशाला? चल की.

लक्ष्मीबाई : चला… आवं, ती कोणत्या खांद्यावर निजती ओ?