तिरकी पण ठणठणीत दाढ

...नाही, पण मला सांगा, दाढ किडलेली असती तर मी हूं की चूं केलं असतं का? माझी दाढ ठणठणीत होती हो. जरा तिरकी होती, पण तिरकी तर आमच्या घरात माणसंही आहेत, म्हणून उपटून टाकतो का आपण त्यांना?

तर आमची भाची दातांची डॉक्टर, आणि वर संशोधन करते. कशावर, तर चिकट रेणूंवर. तुम्हाला सांगतो, मीही असाच बघत राहिलो होतो तिच्याकडे. म्हणाली, "मामा, हिरडी सुजली, नाहीतर दाताच्या आतला गर सुजला, की तिथल्या रक्तवाहिन्यांना आतून हे रेणू फुटतात. मग रक्तातून चाललेल्या पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात आणि भिंतीतून बाहेर पडून लढायला जातात." म्हटलं, जाऊ देत की, मी काय करू? तर म्हणे, "सुजलेल्या दाढा ढिगाने मिळतात, पण तुलनेला निरोगी दाढ, हिरडीच्या तुकड्यासकट, कोण देतं? तेवढ्यासाठी माझा प्रबंध अडलाय हो..." आणि डोळ्यांत पाणी. या खांद्यावर बसून फिरलेली पोर ती... विरघळलो. बायको म्हणाली, "लोक रक्त देतात, तुम्ही दाढ द्या."

आता द्यायचीच तर स्वच्छ करून द्यावी की नाही? शेजाऱ्यांचं भांडं आपण घासूनच परत करतो ना? मी दुकानातला सगळ्यात कडक ब्रश आणला आणि आठवडाभर ती दाढ, तिच्या भोवतीची हिरडी, सकाळ-दुपार-संध्याकाळ खसाखसा घासली. रक्त आलं. म्हटलं येऊ दे, घाण निघतेय!

दाढ निघाली. गाल हा एवढा. गिळायची पंचाईत, बोलायची पंचाईत, आणि त्यात भाचीचा रडवेला फोन, "मामा, चिकट रेणू दिसावेत म्हणून आम्ही तुकड्याला तपकिरी रंग देतो. निरोगी हिरडीत तो जेमतेम चढायला हवा, तुमची सगळी तपकिरी झाली. एवढे चिकट रेणू माझ्या आजारी गटातही नाहीत. गर तेवढा चांगला आहे. पण हिरडीला केलंत काय तुम्ही?" काय केलं म्हणजे... सेवा केली बाई! आणि गर चांगला आहे ना? मग मी तरी काय म्हणतोय, माझी दाढ ठणठणीत होती. पण ऐकतो कोण? मला टाकलं आजारी गटात, आणि निरोगी गटातली जागा रिकामी ती रिकामीच.

मग बहिणीचा फोन, "दादा, पोरीचं आयुष्य तुझ्या तोंडात आहे रे. दुसऱ्या बाजूलाही तशीच तिरकी आहे ना?" रात्रभर झोप नाही. माझ्या तोंडात माझं काही उरणार आहे की नाही? शेवटी ठरवलं, या वेळी नातंबितं बघायचं नाही, तोंडावर सांगायचं.

काल भाची आली, समोर बसली. मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं... आणि तिने आत आरसा घातला. आता तोंडात आरसा असताना माणूस काय म्हणणार?

"आ" म्हणालो.

ती म्हणाली, "थँक यू, मामा."