वेणीवरच्या गाठी

मांडीवर मांजराची टोपली घेऊन आजोबा जनावरांच्या दवाखान्यात ताटकळत बसले होते. समोरच्या बाकावर एक बाई म्हाताऱ्या कुत्र्याला थोपटत होत्या. तेवढ्यात हिरव्या कपड्यांतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आतून आल्या आणि चक्क त्या बाईंना खेटून बसल्या. आजोबांनी कान टवकारले.

“याला भूल देणारे यायचेत अजून.”

“मग आत जाऊन तयारी कर की.”

“तयारी हॉस्टेलवरच झाली. आठवतं, टाके शिकायला द्राक्षं शिवत बसायचे मी?”

“शिवायचीस तू, खायचे मी! टाक्याचा दोरा दातांत अडकायचा मेला.”

“आणि तुझी वेणी?”

“विसरेन होय! मी पाठांतर करायचे आणि तू मागून वेणीवर टाक्यांच्या गाठी मारायचीस, तेही एका हातानं. तोंडी परीक्षेला तशीच गेले, तर सर म्हणतात, हे घरटं कुणाचं?”

“डोळ्यांच्या शाखेला एकच जागा होती गं, सराव नको करायला?”

“म्हणून तर गप बसून होते. अर्ध्या गाठी कात्रीनं सोडवल्या... अगं, हात बघू. थरथरतोय?”

“परक्याच्या कुत्र्याला नाही होत असं. याला मी बाटलीनं दूध पाजलंय.”

बाईंनी अंबाडा सोडला, भराभर वेणी घातली आणि डॉक्टरीणबाईंकडे पाठ केली.

“पांढरे झालेत, पण आहेत अजून. मार गाठी.”

“वेडी आहेस का? लोक बघतायत.”

“बघू देत. घट्ट मार. याला दिसायला लागलं, की मगच सोडवीन.”