बॉनेट उघडून काढलेला फोटो

मी मूळची मुरगूडची, लगीन करून कसबा बावड्यात आलो. मालक कारखान्यात फिटर, मी शिवणक्लास घेतो, दोन खेड्यांत जाऊन. दुपारचं तिकडं एसटी न्हाय, म्हणून जुनी गाडी घेतलेली, मागच्या सीटवर दोन मशिनी घालायच्या आणि निघायचं. गाडी हाय तर क्लास हाय, एवढंच.

काय सांगू तुम्हाला, दिवाळी झाली, उसाचा हंगाम चालू झाला, आणि कळंब्याच्या पुढं दिवस मावळताना एक ट्रॉली रस्त्यातच उभी, मागं दिवा न्हाय, काय न्हाय. धडकलो की! मला कपाळाला तीन टाके, पर गाडी पार गेली. गॅरेजवाला म्हणाला, वैनी, ही आता भंगारच. विमा कंपनीनं बी टोटल लॉस लिवलं. मग त्यांचा माणूस घरी आला, म्हणाला, गाडी आधीपासनंच खराब होती, इंजिनातनं तेल गळत होतं, म्हणून पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या निम्मंच मिळतील, इथं सही करा. निम्म्यात कुठली गाडी येत्या? जाऊबाई म्हणाल्या, घे बाई मिळतंय ते, कंपनीसंगं कोण भांडत बसतंय. मी पेन हातात घेतलाबी. पर ते खराब म्हटलेलं लागलं मला. म्हटलं, सही न्हाय करत आज, जावा तुम्ही.

आमच्यात दसऱ्याला मशिनी पुजायच्या, गाडी पुजायची. बाकीची बॉनेटवर हार घालत्यात, आमचं मालक बॉनेट उघडून आधी इंजिन पुसत्यात आणि त्यालाच हळदीकुंकू लावत्यात. शेजारी चेष्टा करायचे, काय पावणं, गाडीचं ऑपरेशन हाय व्हय? आणि दरसाल फोटो काढायची हौस. ह्या दसऱ्याचा बी होता, इंजिन लख्ख, तेलाचा एक डाग न्हाय. पूजेचा फोटो म्हणजे पुरावा, हे माझ्या डोक्यात यायला दोन दिवस गेले बघा.

मग सगळ्या सालांचे फोटो, सर्व्हिसिंगची बिलं आणि अर्ज, कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं दिला. लिवलं, गाडी खराब होती तर कशावरनं, ते लिहून द्या. त्यांनी दुसरा सर्व्हेअर पाठवला. तो फोटो मोठा करकरून बघत बसला, म्हणाला, मावशी, इंजिनाला कुंकू पहिल्यांदाच बघतोय. म्हटलं, बघा की, निवांत बघा.

गेल्या आठवड्यात पत्र आलं. पॉलिसीतली किंमत मान्य केल्याय, थोडी वजावट सोडून. ती बी कशाची ते विचारलं, पटलं, मग सही केली. पैसे अजून यायचेत, पर रविवारी एक गाडी बघायला जायाचं हाय. तोवर मालक मोटरसायकलवरनं सोडत्यात, मांडीवर मशीन घेऊन बसतो मी. परवा क्लासातल्या बायका विचारत होत्या, बाई, बंद करणार काय हो? म्हटलं, अगं, कटोरी ब्लाऊज अजून शिकवलंच न्हाय तुम्हाला, ते आल्याबिगर कुठं सोडतोय मी!

चांगलं होऊ दे सगळ्यांचं.