रॉकवाल्या म्हाताऱ्याचा निकाल

हसू नका, पण मी आजही रॉक म्हटलं की दचकतो. बाळ्याचा भाऊ आखातातून एका साठीच्या रॉक गायकाची कॅसेट घेऊन आला होता, लाइव्ह कार्यक्रमाची. बाळ्या म्हणाला, "म्हाताऱ्यात अजून दम आहे का, तू सांग." वीज गेलेली, म्हणून टेप सेलवर लावला.

पहिल्याच किंकाळीला अंगावर काटा आला. मी म्हाताऱ्याला पास करणार, तेवढ्यात त्याचा आवाज खोल खोल गेला आणि तो नुसता घुमायला लागला.

"अरे, स्टेजवरच मेला की काय हा?" बाळ्या लटपटायला लागला.

ते घुमणं ऐकून शेजारची शेवंताकाकू धावत आली. थरथरणाऱ्या बाळ्याला बघून तिला वाटलं, ह्यालाच झपाटलंय. त्याचे खांदे धरून ती ओरडली, "कोण हायस तू? पोराला सोड! काय पायजे तुला?"

तेवढ्यात टेप बंदच पडला. तेव्हा कुठे बाळ्याला उलगडा झाला. दातावर दात आपटत तो म्हणाला, "स... सेल!"

"देते बाबा, पण जा!"

दुसऱ्या दिवशी आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, नारळाशेजारी हळदकुंकू लावलेले चार कोरे सेल. आम्हाला तेवढेच हवे होते. पण उचलणार कोण?

म्हाताऱ्याचा निकाल अजून लागलेला नाही.