नलूचा ओवसा

माझं माहेर राजापूरच्या पुढचं आणि सासरही तिकडचंच, मध्ये एक डोंगर, बस्स. लग्न होऊन भांडुपला आले तेव्हा हिकडं डोंगराला चार पत्र्याच्या खोल्या आणि बाकी सगळं गवत, साप निघायचे, आता बघा, पाय ठेवायला जागा नाय. मी घाटकोपरला औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायला जाते. तोंडानं फटकळ आहे म्हणतात सगळे, असू दे, फटकळ आहे म्हणून एका खोलीत दोन संसार टिकले, माझा आणि माझ्या धाकट्या दिराचा. भावजींचं लग्न उशिरा झालं, बायको आणली ती नलू, माझी जाऊ. पण जाऊ कसली, आल्या आल्या मला म्हणते, वैनी तुम्ही ओरडा, पण अबोला धरू नका, मला झोप येत नाय. आता अशा पोरीवर काय ओरडायचं? तरी ओरडायची म्हणा मी.

काय सांगू तुम्हाला, एक दिवस पुरुष माणसं कामावर गेलेली, मी भाकऱ्या थापत होते, ही मोरीतून हाक मारते, वैनी जरा इकडं या. मला वाटलं गोड बातमी, पिठाचे हात तसेच घेऊन हसत हसत गेले. तिनं माझा हात धरला आणि डाव्या छातीवर ठेवला. सुपारीएवढी गाठ हो, कडक. मी म्हटलं काय नाय गो, थंडीनं होतं असं. मग आमचा डॉक्टर झाला, मोठं हॉस्पिटल झालं, तुकडा काढून तपासला, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी भावजींना आणि मला आत बोलावून सांगितलं, क्यान्सर. तीस वर्षांचीसुद्धा नाय पोर, अजून मूलबाळ नाय. बाहेर आल्यावर भावजींनी विचारलं, वैनी पाणी आणू का, तर मी म्हटलं, लेबलं ओली राहिली. काय बोलले ते माझं मलाच कळलं नाय.

ठरलं काय, नलूला सांगायचं नाय. गाठ म्हणायचं. घरात सगळे गाठ गाठ करायचो आणि तिकडं बसमधला कंडक्टर घंटी मारून ओरडायचा, चला क्यान्सर हॉस्पिटलवाले, उतरा. मी नलूकडं बघायची, ती खिडकीबाहेर बघायची. गावी सासूबाईंना तर एवढंच कळवलं की बारीकशी गाठ होती, काढली. म्हातारी जिवाला लावून घेईल, मग तिला कोण सांभाळणार? पण बारीकशी कुठली हो, छाती सगळी काढली तिची, खाली बरगड्या दिसायच्या. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मी होते तिथं. नलू म्हणाली, वैनी, आता ब्लाउज शिवायला अर्धंच कापड लागेल. हसली मेली. मी जिन्यात जाऊन रडले.

मग शेक सुरू झाले. शेक म्हणजे मशीनखाली झोपवतात, लाईट देतात, दिसत काय नाय पण कातडी काळी पडते. रोज जायचं, रविवार सोडून. आणि तो लाईट नेमका कुठं पडायला हवा म्हणून जांभळ्या शाईनं छातीवर, गळ्याखाली रेघा मारून दिलेल्या, सांगितलेलं की ह्याला पाणी लावायचं नाय, साबण नाय, पुसायचं नाय. नलू बाकीचं अंग ओल्या फडक्यानं पुसायची, भर उकाड्यात. आणि डावा हात वर जायला हवा म्हणून भिंतीवर बोटं चालवत न्यायची, आज खिळ्यापर्यंत, उद्या कॅलेंडरपर्यंत. मला वाटायचं बरं व्हायला करते. ती ओवशाची तयारी करत होती.

ओवसा तुम्हाला माहीत नसेल. आमच्यात नव्या सुनेनं गौरीला सुपं ओवसायची, पाच सुपं, माहेरहून येतात, नारळ, फळं, भाज्या सगळं भरलेलं, एकेक दोन्ही हातांनी उचलून गौरीपुढं ओवाळायचं. पण पहिला ओवसा कधीही नाय होत, गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच. नलूचं लग्न झाल्यापासून पूर्वा आलीच नव्हती आणि आली ती नेमकी त्या साली, शेक अर्धे झालेले असताना. मी सरळ सांगितलं, गाव नाय नि गौर नाय, गप पडून राहा. भावजी हो नाय करत बसले. तर ही मला म्हणते, वैनी, पुढची पूर्वा येईल तेव्हा मी असणार आहे का? मी म्हटलं असं का बोलतेस गो. ती म्हणाली, कंडक्टरला माहीत आहे, मला माहीत नसेल? आम्ही सगळे मिळून लपवत होतो आणि ती आमच्यासाठी लपवत होती. गेलो आम्ही गावी, डॉक्टरीणबाईंना न विचारता भावजींनी तिकिटं काढली.

गौरीच्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, ओवशाच्या सुनेला मी न्हाऊ घालणार. रीतच आहे तशी. मी चुलीपाशी घावणे काढत होते. सासूबाईंचा आवाज कानावर आला, गो माझ्या चेडवा, माझ्या पोरी, ह्यां काय केलांनी गो तुझां! धावत गेले. नलू पाटावर बसलेली, उघडी, आणि म्हातारी नारळाच्या सोडणानं तिची छाती घासते आहे, रडते आहे आणि घासते आहे, आणि न्हाणीच्या दगडावरनं जांभळं पाणी वाहून चाललेलं. तिला वाटलं, डॉक्टरांनी कसली घाण ठेवली अंगावर, सणाच्या दिवशी पोरीला स्वच्छ करावी. मी ओरडले, आये, हात थांबव! पण कुठलं काय, सगळं पुसून गेलेलं. नंतर मी नलूवर भडकले, तुला तोंड नव्हतं? तर म्हणते, त्या रडत होत्या हो वैनी, मी त्यांना कशी म्हणू की घासू नका? दुपारी पाचही सुपं उचलली तिनं. डावा हात थरथरत होता, पण खाली नाय आला.

मुंबईला परत आलो तर डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. शेक मध्येच तोडायचे नसतात म्हणाल्या, एवढे दिवस? आणि रेघा कुठायत? पुन्हा सगळं मोजलं, पुन्हा शाई. नलूचा हात सुजून तांब्यासारखा झाला तो वेगळाच. शेक कसेबसे पुरे केले, आम्ही म्हटलं सुटलो, मी चाळीत पेढे वाटले हो. आणि होळीच्या आसपास गळ्याच्या हाडावर परत गाठ. मी डॉक्टरीणबाईंचा हातच धरला, म्हटलं त्या न्हाण्यानं झालं का हो हे? त्या म्हणाल्या, झालं असेल, नसेलही, कुणी सांगू शकत नाय. म्हातारी अजून गावाहून निरोप पाठवते, नलू बरी हा मां? मी कळवते, बरी हा. रेघांचं तिला सांगितलेलं नाय आणि सांगणारही नाय, काही काही लपवण्यासारखंच असतं की नाय?

आता सलाईनमधून औषध देतात. एवढे केस होते तिचे, सगळे गेले, घरात पदर घेऊन बसते. गेल्या खेपेला बाटली चालू असताना मी तिचे पाय दाबत होते, सहज विचारलं, गौरीकडं काय मागितलंस गो? आमच्यात सगळ्या एकच मागतात, अहेवपणी मरण दे, नवऱ्याआधी कुंकवासकट ने. मीही दरवर्षी मागते. नलू म्हणाली, वैनी, मी ते नाय मागितलं. गौरीला म्हटलं, ह्यांच्या मागं मी राहू दे. पांढरं कपाळ झालं तरी चालेल, पण मला म्हातारी होऊ दे.

माझे हातच थांबले. असं बाईनं गौरीसमोर म्हणायचं? नवरा आधी जाऊ दे म्हणायचं? मी उठले, बाहेर जाऊन बाकड्यावर बसले. घरी आल्यावरही दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाय. दुसऱ्या रात्री ती उशाशी येऊन म्हणाली, वैनी, मला झोप येत नाय.

आज सकाळी परत सलाईनला निघाली. निघताना पाया पडते नेहमी. वाकली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर हाताला नुसती कातडी लागली, केस नायत. तोंडात आलेलं अखंड सौभाग्यवती, रोजचं, सवयीचं. गिळलं मी ते. म्हटलं, म्हातारी हो गो बाय. दात पडेपर्यंत जग, माझ्यापेक्षा फटकळ सासू हो. भावजी दारात चपला घालत होते, त्यांनी ऐकलं. ऐकू दे.