डाग दिसला की गोल

...आता मला सांगा, चूक माझी आहे का? पांडेसऱ्याच्या गुजराती शेठच्या मिलमध्ये, फोल्डिंग खात्यात, बावीस वर्षं कापड तपासतोय हा वाल्मिक! ताका टेबलावर आला, डाग दिसला, की पेन्सिलीनं गोल मारायचा. शेठचा असो की शेठच्या जावयाचा, डाग म्हणजे डाग!

तर आमची ज्योती आर्ट्स कॉलेजात कापडाचं डिझाइन शिकते. तिथं म्हणे नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेतात. "पप्पा, घरी पण प्रॅक्टिस करायची आहे, तुम्ही कंपनीवाले साहेब व्हा." झालो! शर्ट खोचून खुर्चीत बसलो. तिनं समोर बारा तुकडे मांडले, वर्षभर स्वतः रंगवलेले, आणि तुम्हाला सांगतो, डागच डाग! एकात रंग फुटलेला, एकात पट्टा, एक तर अर्धा कोराच! पोरगी डोळे मिटून पाठ म्हणतेय, "सर, माझ्या कामाची गोष्ट अशी..." आणि माझा हात खिशात! ती आमची मिलची पेन्सिल, दहा वेळा धुवा, जात नाही. तिनं डोळे उघडले तोवर बाराच्या बारा तुकड्यांवर गोलच गोल!

सरलाबाई, आमच्या घरच्या, लाटणं घेऊन धावल्या. "हाई काय करं तुम्ही! आते काय व्हई पोरनं?" ज्योती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं हो! एकेक गोल मोजत बसली. मुलाखत दुसऱ्या दिवशी अकराला, कॉलेजातच, आणि बापानंच आदल्या दिवशी नापास करून ठेवली!

पण डाग म्हणजे डाग ना?

रजा टाकून कॉलेजात गेलो, दाराबाहेर बाकावर बसलो. अकरा... साडेअकरा... आतून कंपनीच्या मॅडमचा आवाज, "आ कोणे कर्युं?" मेलो! आता पोरगी माझं नाव घेणार!

घेतलं. "मारा पप्पाए. मिलमां चेकर छे." आणि पुढं काय म्हणाली माहितेय? म्हणे, डिझाइनच तसं, मी मुद्दाम बिघडवलेल्या एकतीस जागा होत्या, माझ्या सरांना निम्म्या दिसल्या, पप्पांच्या नजरेतून एक सुटली नाही! मी बाहेर बाकावर ढसाढसा रडलो, शिपाई पाणी घेऊन आला.

नोकरी लागली! आता सुखानं बसावं की नाही? तर परवा माझ्याच टेबलावर ताका आला. पट्टा! रंग फुटलेला! हात खिशात गेला, तेवढ्यात मागून शेठ ओरडला, "वाल्मिकभाई, रेवा दो! ए तो तमारी दीकरीनी डिझाइन छे!"

राहू द्या म्हणे, तिच्या कंपनीचा माल, माझ्या पोरीचं डिझाइन! डाग म्हणजे... काय सांगू तुम्हाला! बावीस वर्षांत पहिल्यांदा डोळे मिटले आणि शिक्का मारला. पास!