हिरव्या हडसनचं गाणं

रेलीन : एक ओळ? अख्खं गाणं सोडून तुला तेवढी एकच ओळ खुपली, काका?

वर्लिन : तेवढीच. ती काढ. बाकी गाणं चांगलं आहे.

रेलीन : चांगलं आहे! गाणं येऊन दीड महिना झाला, आज पहिल्यांदा तोंड उघडलंस, ते एवढ्यासाठी. अरे, नॅशव्हिलचा रेडिओ रोज सकाळी लावतोय ते. ट्रकवाले गाडी कडेला घेऊन ऐकतात. एकाने मला सात पानी पत्र लिहिलंय, वडिलांशी वीस वर्षं अबोला होता, गाणं ऐकून थेट घरी गेला म्हणे. आणि ज्याने माझ्या हातात गिटार दिली, तो माझा सख्खा काका म्हणतो, चांगलं आहे.

वर्लिन : रेडिओवाल्यांचं राहू दे. उद्या वर डोंगरावर म्हणशील, तिथे ती ओळ गाळ.

रेलीन : उद्या डेकोरेशनचा रविवार. अख्खं खोरं फुलं घेऊन कबरींपाशी जमणार, आणि त्यातल्या निम्म्यांना गाणं पाठ आहे. मी गाळली तर तेच म्हणतील माझ्याऐवजी.

वर्लिन : मग दुसरं म्हण. चर्चमधलं म्हण एखादं.

रेलीन : बाबांच्या कबरीपाशी उभं राहून बाबांचं गाणं नको? बरं, तूच सांग काय वाईट आहे त्यात.
"बसले तुझ्या जागेवरती, पाय पोचेना ब्रेकाला,
केवढा उंच होतास बाबा, विचारू तरी मी कोणाला."

वर्लिन : हळू. आई मागे शेंगा निवडत बसलीये.

रेलीन : ऐकू दे की आजीला. तिच्याच मुलाचं गाणं आहे.

वर्लिन : ऐकलंय तिने.

रेलीन : मग? काय म्हणाली?

वर्लिन : काही नाही. उठली, रेडिओ बंद केला. त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. कॉफी देते, ताट वाढते. हाक मारत नाही.

रेलीन : तुझ्याशी? गाणं लिहिलं मी, आवाज माझा, आणि अबोला तुझ्याशी?

वर्लिन : परवा पेंड आणायला दुकानात गेलो होतो. एस्टिल गेहार्ट बसला होता तिथे. सगळ्यांसमोर म्हणाला, वर्लिन, तुमचा लॉनी उंच कधीपासून झाला रे?

रेलीन : त्या म्हाताऱ्याचं काय घेऊन बसलास! त्याला काल काय खाल्लं ते आठवत नाही.

वर्लिन : त्याला बरोबर आठवतं. ओळ काढ, रेलीन.

रेलीन : नाही काढणार. तूच शिकवलंयस मला. मी नऊ वर्षांची, सुट्टीत डेटनहून इकडे आलेली, याच कोठारात, वर तंबाखूची पानं वाळत टांगलेली. म्हणालास, गाण्यात खोटं घालू नकोस. हाताला लागेल तेवढंच लिही. म्हणालास की नाही?

वर्लिन : म्हणालो.

रेलीन : मग मी तेच केलं. निर्माता मागे लागला होता, हडसन गाडी आता कोणाला माहिती आहे, एखादी लाल रंगाची गाडी टाक, यमक सोपं जाईल. मी म्हटलं, बाबांची गाडी हिरवी होती, बाबा जन्मले त्या वर्षीची होती, आणि ती हडसनच राहणार. चार दिवस बसले मी इथे, तिच्यात. चावी तूच दिलीस. नाही म्हणाला असतास तर मी काही कुलूप तोडणार नव्हते.

वर्लिन : नाही म्हणता आलं नाही.

रेलीन : पहिल्या दिवशी बसले तर पाय अधांतरी. सीटखाली तो दांडा आहे, ओढला की अख्खी सीट पुढे येते, ते कळतं मला. पण म्हटलं, बाबांनी लावलेली जागा आपण कशी मोडायची? शेवटच्या दिवशी ते जसे बसले, तशीच ती राहिलीये. काका, मला त्यांचं काही माहीत नाही रे. ते गेले तेव्हा मी आठ महिन्यांची. आईने सगळे फोटो चुलीत घातले. एक वाचला, त्यात ते पायरीवर बसलेत आणि मी मांडीवर. बसलेल्या माणसाची उंची कशी कळणार? आणि या घरात त्यांचं नाव निघालं की आजी उठून जायची. मला पहिल्यांदा काही कळलं ते त्या सीटकडून. म्हटलं, उंच होते माझे बाबा. पन्नाशीला आलेली बाई मी, पोरीसारखी रडले.

वर्लिन : बास कर.

रेलीन : अजून एक सांगते, हसू नकोस. ते गाण्यात घातलं नाही, लोक वेडी म्हणाले असते. शेजारची जागा गरम असायची. खिडकीकडची. बाहेर बर्फ पडत होतं, बोटं वाकत नव्हती, आणि त्या जागेवर हात ठेवला की गरम. कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी.

वर्लिन : तू पण.

रेलीन : तू पण म्हणजे?

वर्लिन : मी दर शनिवारी गाडी धुतो. काच पुसताना दिसतो तो, त्या खिडकीकडच्या बाजूला. नुसता बसलेला असतो. रागावलेला नसतो. रागावला असता तर बरं झालं असतं.

रेलीन : पण बाबा त्या बाजूला कशाला बसतील? ते तर चालवत होते.

वर्लिन : लॉनी पाच फूट चार इंच होता, रेलीन.

रेलीन : काय?

वर्लिन : पाच फूट चार. तुझ्याएवढाच. बूट घातले तर अर्धा इंच जास्त. गाडी चालवायची तर सीट पार पुढे ओढून, छाती चाकाला लावून बसायचा. आम्ही चिडवायचो त्याला.

रेलीन : मग ही सीट मागे कोणी घेतली?

वर्लिन : चल, कोठार बंद करायचंय मला.

रेलीन : काका, गाडीत बस.

वर्लिन : नको.

रेलीन : दार उघडलंय मी. बस.

वर्लिन : एकोणपन्नास वर्षांत मी या बाजूने बसलेलो नाही.

रेलीन : बस म्हणते ना! ... पाय टाक. ब्रेकवर टाक पाय ... बरोब्बर. देवा! गुडघासुद्धा अडत नाहीये. शिवल्यासारखी आहे तुझ्या मापाची. मी सगळ्या देशासमोर माझ्या बापाचं म्हणून तुझ्या पायांचं गाणं गातेय.

वर्लिन : मी चालवत होतो.

रेलीन : ते दिसतंय मला! बोल आता. सगळं बोल.

वर्लिन : शनिवारचा नाच होता, शाळेच्या पटांगणात. विल्मा कॉम्ब्सला घरी सोडायचं होतं. मी प्यायलेलो होतो. लॉनी नव्हता, तू झाल्यापासून त्याने थेंब घेतला नव्हता, तुझ्या आईपाशी शपथ घेतली होती. त्याने दोनदा चावी मागितली. मी म्हणालो, बसायचं तर बस, नाहीतर चालत ये. विल्माला दाखवायचं होतं मला, हडसन वळण कशी घेते ते. तो म्हणाला, या पोरीला तुझ्याबरोबर एकटी सोडणार नाही, आणि बसला. विल्मा मध्ये, तो खिडकीशी. पुलाच्या अलीकडे वळण आहे ना, तिथे ओढ्यात गेलो.

रेलीन : आणि दारूचा वास? आई म्हणायची, त्यांच्या अंगाला दारूचा वास येत होता.

वर्लिन : बाटली माझी होती. फुटली त्याच्या अंगावर. दोघांना मी काठावर ओढलं. विल्मा गेलेली होती. तो थोडा वेळ होता.

रेलीन : काही बोलले?

वर्लिन : तुला थंडी वाजतेय का, म्हणाला. मला विचारत होता. मग गेला. शेरिफ आला, त्याने विचारलं गाडी कोणाची. मी म्हणालो, लॉनीची. त्याने लिहून घेतलं. पुढे कोणी काही विचारलं नाही.

रेलीन : आणि तू तोंडात गुळणी धरलीस.

वर्लिन : पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगू. मग अंत्यविधी झाला. मग पाद्री म्हणाला, कॉम्ब्सांच्या पोरीशेजारी त्याला पुरायला नको, म्हणून लॉनीला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

रेलीन : मेलेल्या माणसाच्या नावावर पावती फाडलीस तू! माझी आई डेटनच्या कारखान्यात बोटं झिजवून मेली, आणि मरेपर्यंत एकच म्हणत राहिली, त्याने शपथ मोडली. पोरीपेक्षा त्याला बाटली प्यारी झाली. मी ते ऐकत वाढले, काका. शाळेत मला म्हणायचे, दारुड्याची पोर.

वर्लिन : तिच्या अंत्यविधीला आलो होतो, ते सांगायलाच आलो होतो.

रेलीन : आणि पेटीला खांदा देऊन परत गेलास.

वर्लिन : हो.

रेलीन : मग सीट का नाही सरकवलीस पुढे? दोन सेकंदांचं काम होतं. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

वर्लिन : दर शनिवारी हात दांड्यापर्यंत जायचा. सगळी गाडी दुरुस्त केली मी. पत्रा ठोकला, रंग दिला, इंजिन उतरवून पुन्हा बसवलं. तेवढं झालं नाही. तेवढं एकच खरं उरलं होतं या घरात.

रेलीन : आणि आता म्हणतोस ओळ काढ. तुला माहितीये का नोवाबाईंनी मला काय लिहिलंय? विल्माच्या बहिणीने? आजवर त्या प्रत्येक कबरीवर फूल ठेवतात, परक्यांच्यासुद्धा, फक्त बाबांची वगळतात. गाणं ऐकून त्यांनी लिहिलंय, उद्या कुंपणाबाहेर येईन आणि त्याच्यावर फुलं ठेवीन. मी त्याला माफ केलं. त्यांनी कोणाला माफ केलं, काका? माझ्या बापाला? कशाबद्दल?

ओवा : तेच विचारायला आले मी.

वर्लिन : आई. तू कधी आलीस?

ओवा : शेंगा संपल्या तेव्हा. त्र्याण्णव वर्षांची झालेय, बहिरी झालेली नाही. तू खाली उतर त्या गाडीतून.

वर्लिन : तुला कळलं होतं.

ओवा : रेडिओवर ऐकलं तेव्हाच. लॉनीला चर्चमधल्या खुंटीला हात पुरायचा नाही, त्याची टोपी तू टांगायचास. पोरगी गातेय, माझा बाप उंच. माझ्या पोटी उंच एकच जन्मला होता.

वर्लिन : मग तीन आठवडे बोलली का नाहीस?

ओवा : तू बोलशील म्हणून थांबले. एवढी वर्षं थांबलास, म्हटलं अजून थोडं बघू. तर तू या पोरीला म्हणतोस, ओळ काढ!

वर्लिन : आई, माझं चुकलं. मला...

ओवा : माझ्यापुढे नको. मी आई आहे मेल्या, मी काय करणार? उद्याही तुला जेवायलाच वाढणार. मला सांगून तुझी सुटका होईल, लॉनीची नाही.

रेलीन : उद्या वर सांगेल तो, आजी. गाण्याच्या आधी. सगळ्यांसमोर.

ओवा : नाही. सगळ्यांसमोर नंतर सांगेल, जन्मभर सांगत बसेल. पण नोवाने ते गर्दीत उभं राहून ऐकायचं नाही. सत्तर माणसं तोंडाकडे बघत असताना तिने रडायचं? तिला आज कळलं पाहिजे, तिच्या घरात, दार लावून. आणि फुलं कोणासाठी न्यायची ते तिचं तिला ठरवू दे. चल.

वर्लिन : आत्ता?

ओवा : मला कुंपणाबाहेर एक पोर पुरावं लागलं. पावसात तिथे जाऊन बसायचे मी, आणि त्याला शिव्या द्यायचे. माझ्या लॉनीला! ज्याने काहीच केलं नव्हतं त्याला! आत्ता, वर्लिन.

रेलीन : आजी, माझा हात धर. पायरी आहे.

ओवा : तू त्याचा धर. मला पायरी पाठ आहे.

रेलीन : मी नाही धरणार.

ओवा : बरं. नको धरूस. मी धरते.

(घरात. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन.)

ओवा : नंबर मी सांगते. विल्मा होती तेव्हापासून तोच आहे.

वर्लिन : रेलीन, तू जरा बाहेर थांबशील?

रेलीन : नाही.

वर्लिन : बरं ... वाजतोय ... नोवा? मी वर्लिन. वर्लिन स्टॅम्पर ... नाही नाही, आई ठीक आहे, इथेच आहे ... हो, उद्याचंच. रेलीन म्हणाली, तू लॉनीसाठी फुलं आणणार आहेस ... घरी केलीस? कागदाची, मेणात बुडवून? ... तीन दिवस लागले? ... नोवा, ऐक. तू उभी आहेस का? ... मग आधी एक खुर्ची घे.